कफ्तानाचा काठ

माझा नातू वकील झाला तेव्हा कोर्टात घालायचा काळा झगा त्याने घरी आणून खुंटीला अडकवला. तो आंघोळीला गेल्यावर मी तो खाली काढला आणि अंगात घालून पाहिला. सुनेने ते पाहिलं आणि तोंडाला पदर लावून ती आत पळाली. थोड्याच वेळात सगळं घर ओसरीवर जमलं. म्हातारीला आता वकिली करायची आहे म्हणून जो तो हसत सुटला. हसोत बापडे. मला एवढंच पाहायचं होतं की तो मला होतो की नाही. तर झाला. नातू माझ्यापेक्षा हातभर उंच, छातीने रुंद, आणि मी आता पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडाची, काडी झालेली, तरी तो झगा माझ्या खांद्यांवर नीट बसला. ज्या कपड्याला कंबर नाही, बंद नाहीत, खांद्यापासून घोट्यापर्यंत ज्याचा एकच मोकळा उतार आहे, तो कुणालाच परत पाठवत नाही. दरबारात सरदार घालायचे तो तसाच, फकीर घालतो तो तसाच, आणि आता साहेबाच्या कोर्टात वकील घालतात तोही तसाच. रंग तेवढा बदलतो. असा एक कपडा मी लहान असताना आमच्या घरात आला होता. त्याला कफ्तान म्हणायचे. त्याच्यापायी मी काय केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

हे मी सांगते आहे आणि माझी नात इंदू लिहिते आहे. मी ‘मले’ म्हटलं की ती ‘मला’ लिहिते, त्याला माझी हरकत नाही. शाळेत शिकलेली पोर आहे. पण मी जिथे वाईट वागले तिथे ती लिहायची थांबते आणि माझ्या तोंडाकडे पाहते, त्याला मात्र आहे. इंदू, जसं सांगते तसं लिही.

आमचं गाव बार्शीटाकळीजवळ. पहाटे गाडी जुंपली तर न्याहारीला तिथे पोहोचता यायचं. काळी जमीन, आणि त्या दिवसांत जिकडे पाहावं तिकडे कापूस. कुठेतरी समुद्रापलीकडे गोऱ्या लोकांची आपसांत लढाई जुंपली होती आणि तिकडचा कापूस बंद झाला होता म्हणून आमच्या कापसाला असं काही मोल आलं की लोक जोंधळा मोडून कापूस पेरायला लागले. आमचं माजघर हंगामात आढ्यापर्यंत भरायचं. आम्ही पोरी त्या ढिगात उड्या मारायचो आणि नाकातोंडात तंतू घेऊन बाहेर यायचो. ओसरीवर बायका रेचा चालवत बसायच्या. रेचा म्हणजे एकमेकांना घासत फिरणाऱ्या, लाटण्यासारख्या दोन लाटा; पुढून रुई बाहेर पडायची आणि मागे सरकी गळायची. त्याची कुर्रकुर्र सकाळी सुरू व्हायची ती दिवेलागणीला थांबायची. मला अजूनही एखादं दार कुरकुरलं की अंबाडीच्या भाजीचा वास येतो, कारण तो आवाज आणि तो वास आमच्या घरात सोबतच असायचे. सरकी गुरांना जायची. म्हशींचं दूध असं दाट झालं होतं की साईवर बोट टेकवलं तर ठसा उमटायचा. एरवी सणाला होणारी गव्हाची पोळी त्या वर्षांत आठवड्याच्या बाजारालाही व्हायला लागली होती.

सरकी तिथे उंदीर, हे आमच्याकडच्या रांगत्या पोरालाही ठाऊक होतं. उंदराला सरकीचा वास शिवेवरून येतो, असं मोठी माय म्हणायची. त्यामुळे गादी भरायची असो की गोधडी, बायका आधी रुईचा थर पसरायच्या आणि त्यावरून सावकाश तळहात फिरवायच्या. हाताला कण लागला की तो वेचून टाकायचा. एक राहिला तरी गादी गेली म्हणून समजा.

मोठी माय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. तो भाऊ पटकीच्या साथीत गेला तेव्हा त्याची मुलगी, काशी, मांडीवर होती. काशी माझ्याहून आठ महिन्यांनी मोठी. आम्ही एका पाळण्यात निजलो आणि एका ताटात जेवलो असं सगळे कौतुकाने सांगायचे. ताटाचं खरं आहे. पण त्या ताटात तूप तिच्या बाजूला पडायचं. बाबा अकोल्याहून बांगड्या आणायचे, त्या आधी तिच्यापुढे धरायचे, आणि तिने निवडून झाल्यावर उरलेल्या माझ्याकडे यायच्या. “दादाची पोर हाये,” एवढंच ते म्हणायचे, आणि त्यावर माझी मायही काही बोलू शकायची नाही. मी त्यांची स्वतःची पोर होते, म्हणून मला काही द्यायची गरज त्यांना वाटत नसावी.

काशी दिसायला फार देखणी होती असंही नाही. हसली की तिच्या नाकातून घुर्र असा आवाज यायचा. नखं खायची. भाकर तर तिला जन्मात जमली नाही; एका बाजूने कच्ची, दुसऱ्या बाजूने कोळसा. माझी भाकर पातळ, टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेली असायची. बाबा तिची करपलेली भाकर मिटक्या मारत खायचे आणि “हेच खरपूस लागते वो” म्हणायचे, आणि माझी भाकर मुकाट्याने खायचे. मी चुलीपुढे बसून ते ऐकायची. आज मला पणतवंडं झाली आहेत आणि तरीही त्या भाकरी मी विसरलेले नाही. इंदू, हसू नको. सुईत मात्र काशीचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. फाटलेलं लुगडं ती असं सांधायची की दुसऱ्या दिवशी तिलाच जागा शोधावी लागायची. माझा टाका म्हणजे म्हशीने चालत जावं तसा.

कफ्तान आला तो असा. बाबा चांदूर बाजाराला बैल बघायला गेले होते. बैलजोडी आणली आणि गाडीत एक बोचकंही आणलं. तेव्हा एलिचपुराकडच्या जुन्या सरदार घराण्यांचे कपडे बाजारात यायला लागले होते; ज्यांच्या आजोबांनी ते दरबारात मिरवले त्यांना आता त्यांची किंमत नव्हती, आणि आम्हा कापूसवाल्यांना तेव्हा काय घेऊ नि काय नको असं झालं होतं. बाबांनी ओसरीवर बोचकं सोडलं. जांभळ्या वांग्याच्या रंगाचं रेशीम, आतून हळदीच्या रंगाचं अस्तर, मध्ये रुई भरून बारीक टाके घातलेले. पुढून उघडा, गळ्याशी तेवढी दोन बटणं, बाह्या एवढ्या रुंद की एकेका बाहीत कोंबडी बसावी. झटकला तसा सगळ्या ओसरीभर वाळ्याच्या अत्तराचा वास पसरला. रेचा चालवणाऱ्या बायकांनी हात थांबवले.

“हे काय झगा आनला?” माय म्हणाली. “कोनाच्या मापाचा हाये?”

“माप नाई त्याले,” बाबा म्हणाले. “थोच त मजा हाये. अंगरखा शिवाचा त शिंपी छाती मोजन, बाही मोजन. हे कोनालेबी येते. पाय.”

आणि त्यांनी तो घातला. बाबा पोटाने चांगले गोल होते, तरी कफ्तान त्यांच्यावर असा पडला की ते एकदम कुणी जहागीरदार वाटायला लागले. मग त्यांनी तो मायच्या अंगावर टाकला. माय चिपाडासारखी वाळकी. ती लाजून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पण काढेना. मोठ्या मायने रेशीम अंगाला लावायचं सोडलं होतं, तिने नुसता हात फिरवला आणि हात नाकाला लावला. शेजारची एक बाई आली होती, तिनेही घातला. सगळ्यांना येत होता. प्रत्येक जण त्यात आणखी कुणीतरी होत होता आणि तरीही स्वतःच राहत होता. मग काशीने घातला. तिने एक गिरकी घेतली आणि तिच्या नाकातून घुर्र झालं.

बाबा दोन पावलं मागे सरकून बघत राहिले. “पाय वो,” ते मायला म्हणाले, “तुमी साऱ्यायनं घातला, पन हा त इच्यासाठीच शिवल्यावानी दिसून राह्यला.”

त्यानंतर माझी पाळी होती. मी हात बाह्यांत घातले तेवढ्यात नवा बैल दावं तोडून अंगणातून निघाला, आणि बाबा, आणि त्यांच्यामागे सगळे, तिकडे धावले. मी कफ्तान घालून ओसरीवर एकटी उभी राहिले. आतून तो थंड होता आणि मग हळूहळू ऊबदार झाला. बाबा परत येतील, पाहतील, म्हणून मी हालले नाही. ते आले, घामाघूम झालेले. माझ्याकडे पाहून म्हणाले, “काढ वो थे. मळन.”

पुढे कार्तिकात काशीची सोयरीक हिवरखेडला ठरली. घर चांगलं होतं. मुलगा ठेंगणा होता. तेवढं एक माझ्या मनासारखं झालं होतं, आणि मी ते रोज एकदा तरी बोलण्यात काढायची. बाबांनी सांगितलं की वरपोशाख म्हणून नवरदेवाला कफ्तान द्यायचा. मला तो कधी मिळणार होता असं नाही, मुलींचा तो कपडाच नव्हता. पण तो काशीच्या वाट्याला गेला हे ऐकून मला दोन दिवस जेवण गेलं नाही. माय म्हणाली पोटात जंत झाले असतील, आणि तिने मला कडू काढा पाजला.

आमच्या घरात एक रीत होती. पहिल्या वेचणीच्या दिवशी सीतादही करायचं, म्हणजे धुऱ्याजवळ, शेताच्या बांधापाशी, दगड मांडून पूजा करायची आणि पिकावर दहीभात उडवायचा, आणि त्या दिवशी वेचलेला पहिला कापूस विकायचा नाही. त्याच्या देवाला वाती व्हायच्या, आणि घरात लग्न असेल तर नवरदेवाच्या पोशाखात तो भरायचा. भरायचा कुणी, तर नवरीच्या बहिणीने, करवलीने. नवरीने त्याला हात लावायचा नाही. कफ्तानातली जुनी रुई गोळे होऊन बसली होती, म्हणून मायने अस्तर उसवलं, पिंजाऱ्याकडून सीतादहीचा कापूस पिंजून आणला, आणि सगळं माझ्यापुढे मांडलं. घरात सुईची राणी असताना काम आलं माझ्याकडे. रीत म्हणजे रीत.

तीन दिवस मी ते करत होते, आणि खोटं कशाला बोलू, पहिले दोन दिवस मी मन लावून केलं. थर सारखा पसरला, हात फिरवला, कण वेचले. तिसऱ्या दिवशी खालचा काठ तेवढा बंद करायचा राहिला होता. बाबा शेतातून आले, माझ्याजवळ टेकले, आणि त्यांनी रेशमावरून हात फिरवला. माझा जीव कानांत गोळा झाला. चांगलं झालं, एवढं म्हणाले असते तरी पुरे होतं.

“काशीचा हात असता,” बाबा हसत म्हणाले, “त आपल्याले पाहाचंबी काम नसतं.”

आणि उठून हातपाय धुवायला गेले. त्यांच्या मनात काहीही नव्हतं. ते मला आज कळतं. माणूस दमून आला की जे जिभेवर येतं ते बोलतो. पण मी तशीच उठले, गुरांच्या कोठ्यात गेले, म्हशीपुढच्या घमेल्यातली मूठभर सरकी घेतली, आणि काठाच्या आत, समोरच्या दोन्ही बाजूंनी, थोडी थोडी सारून वरून टाके घातले. लग्न मोडावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. मला काशीचं काहीतरी एकदा, फक्त एकदा, बिघडलेलं पाहायचं होतं.

(इंदू थांबली आहे. लिही म्हटलं ना.)

कफ्तान कडुनिंबाचा पाला घालून वेळूच्या पेटाऱ्यात ठेवला आणि पेटारा माळ्यावर गेला. लग्नाला पाच-सहा दिवस होते. दुसऱ्या दिवशीच मला धाकधूक व्हायला लागली. दुपारी सगळे मांडवाच्या कामात आहेत असं बघून मी माळ्याच्या शिडीवर चढले, काठ उसवायचा आणि सरकी काढून टाकायची म्हणून. अर्ध्यावर गेले असेन. बाहेर अंगणात बाबा काशीशी बोलत होते. “तू गेल्यावर घर सुनं होईन वो पोरी,” असं म्हणाले. मी काठ न उसवताच शिडीवरून खाली उतरले.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड हिवरखेडहून आलं आणि मारुतीच्या देवळात उतरलं. नवरदेवाचा पोशाख वाजतगाजत तिकडे न्यायचा होता. वाजंत्री दारात उभे होते. मायने पेटारा उघडला, पाला बाजूला केला, आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की वाजंत्र्यांनी वाजवायचं बंद केलं. पेटाऱ्याला खालून एक भोक पडलं होतं. कफ्तानाचा समोरचा काठ दोन्ही बाजूंनी वीतभर कुरतडला होता. रेशमाच्या चिंध्या आणि रुई यांचा चिवडा झाला होता. बाकी कुठेही दात लागला नव्हता. मोठ्या मायने कपाळावर हात मारून घेतला. “अपशकुन झाला वो माय, माह्या पोरीच्या लग्नात अपशकुन झाला,” असं म्हणत ती तिथेच बसली. बाहेरून वऱ्हाडातला एक म्हातारा विचारत होता की पोशाखाला उशीर का.

काशी हळदीच्या अंगाने आतून आली. तिने सगळं पाहिलं, बसली, आणि म्हणाली, “मले कातर द्या.”

“नवरीनं हात लावाचा नाई,” माय म्हणाली.

“उंदरायनं लावला त चालला, माहाच चालत नाई काय?” काशी म्हणाली. तिने कफ्तान मांडीवर पसरला आणि सगळ्या घेराभोवती वीतभर काठ सरळ कापून काढायला सुरुवात केली. मी दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी होते. कापलेली पट्टी तिने उचलली तशी तिच्यातून सरकी गळली. काही नुसती टरफलं, काही सबंध. हळदीने पिवळ्या झालेल्या तिच्या हातावर ते काळे दाणे पडले. तिने एक दाणा बोटांत धरून पाहिला. घरात सरकी सगळीकडे असते, पण दुहेरी काठात, बंद टाक्यांच्या आत, ती आपली आपण जात नाही; आणि ते टाके कुणाचे होते हे तिला लांबूनही कळलं असतं. तिने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मी जमिनीकडे पाहत राहिले.

“घरात उंदरं भल्ले झाले बाप्पा,” काशी मोठ्याने म्हणाली, आणि ती सगळी पट्टी, चिंध्या, टरफलं गोळा करून तिने चुलीत सारली. मग सुई मागितली.

ती काठ दुमडत होती तोवर बाबा आत आले आणि भिंतीला टेकून बसले. त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. माय म्हणाली, राहू द्या, गावात कुणाचा तरी चांगला अंगरखा मागून आणू. बाबांनी मान हलवली. “अंगरखा मापाचा लागते. हे कोनालेबी येते म्हनून त आनलं होतं म्या. काशीचं झालं का परत आनाचं, मंग आपल्या गोदीच्या नवऱ्याले घालाचं. काशीनंच त कबूल करून घेतलं होतं माह्यापासून. म्हटलं, दोघी पोरी एकाच कपड्यावर उजवतीन. आता आखूड झालं थे.”

गोदी म्हणजे मी. काशी मान खाली घालून टाके घालत होती, भराभर, एकसारखे. मी कोठ्यात गेले आणि म्हशीच्या पाठीवर डोकं ठेवून रडले. आणि त्या रडण्यातही, हे सांगायलाच हवं, मला तिचा राग येत होता. तिने ओरडून सगळ्यांना सांगितलं असतं तर मला निदान मार तरी मिळाला असता.

संध्याकाळी गोरज मुहूर्तावर नवरदेव मांडवात आला तेव्हा मंडळींमध्ये कुजबुज झाली, आणि ती कौतुकाची होती. तो ठेंगणा होता, हे मी सांगितलंच. पहिला कफ्तान त्याच्या पायांत येऊन लोळला असता. आता तो बरोबर घोट्यावर थांबत होता, जसा काही शिंप्याने माप घेऊनच शिवला. “काय दिसते हो नवरदेव,” बायका म्हणत होत्या. माझ्या हातून वाईट झालं तेही काशीच्या कामी आलं. मी करवली म्हणून तिच्या मागे कऱ्हा घेऊन उभी होते. लाज आणि जळफळाट दोन्ही एकाच वेळी पोटात, आणि चेहऱ्यावर हसू ठेवायचं.

पुढची दोन वर्षं मी भीत काढली. काशी दिवाळीला माहेरी यायची, माझ्याशेजारी निजायची, सासरच्या गमती सांगायची, आणि मी वाट पाहायची की आता विचारेल. तिने विचारलं नाही. माझ्या हातची भाकर मागून घ्यायची आणि म्हणायची, “हे एक तुह्यं मले कधी जमन नाई गोदे.” मला वाटायचं ही टोमणा मारते आहे. कदाचित नसेलही. त्या दोन वर्षांत समुद्रापलीकडची लढाई संपली, कापसाचं मोल उतरलं, अकोल्याच्या बाजारात गाड्या दोन-दोन दिवस उभ्या राहायला लागल्या. आमच्या घरची बाजारच्या दिवसाची पोळी परत सणावर गेली. माझं लग्न अमरावतीकडे ठरलं तेव्हा नवा पोशाख कुणाच्या मनातही आला नाही. “कफ्तान हाये ना काशीपाशी,” बाबा म्हणाले. मुलगा मी लांबून पाहिला होता. दारातून आत येताना तो वाकला होता. मी मनाशी मोजलं. कफ्तान त्याच्या पोटऱ्यांवर येणार होता, भर मांडवात लोक हसणार होते, आणि त्या हसण्यामागचं खरं कारण फक्त आम्हा दोघींना ठाऊक असणार होतं.

काशी लग्नाच्या दोन दिवस आधी आली. आल्या आल्या तिने सासरहून आणलेला पेटारा उघडला. वांगी रंगाच्या रेशमाखाली तिने पांढऱ्या सुती कापडाची रुंद पट्टी जोडली होती, सगळ्या घेराभोवती, कापलेल्या काठापेक्षाही चार बोटं जास्त. सासरच्या कापसाचं सूत, तिथल्याच विणकराने विणलेलं कापड, आणि आत भरलेली रुई तिथल्या सीतादहीची. मुलाची उंची तिने कुणाकडून तरी काढून आणली होती. गडद रंगाखाली तो पांढरा काठ असा उठून दिसत होता की रेशीम आधी अपुरं होतं आणि आता पुरं झालं असं वाटावं. माझ्या लग्नात लोकांनी नवरदेवापेक्षा त्या काठाकडेच जास्त पाहिलं. पुढच्या हंगामात दोन लग्नांत तसे काठ दिसले, मग दहा. त्याला ‘काशीची पट्टी’ असं नाव पडलं. अजूनही तिकडे नवरदेवाच्या अंगरख्याला खाली पांढरी पट्टी लावतात आणि ती शुभ असते असं सांगतात. ज्या पापातून ती पट्टी निघाली ते माझं होतं. नाव तिचं झालं.

पण मला सांगायचं आहे ते लग्नाच्या आदल्या दुपारचं. आता मी नवरी होते आणि ती करवली, म्हणजे काठात रुई भरण्याचा मान तिचा होता. मी हळद लागलेल्या अंगाने माजघरात गेले, पेटारा उघडला, कफ्तान मांडीवर घेतला, आणि पांढऱ्या काठावरून तळहात फिरवायला लागले. नवरीने हात लावायचा नाही, हे मला ठाऊक होतं. मी एका टोकापासून सुरुवात केली, दाबून, सावकाश, बोटाबोटाने. कुठेतरी कण लागेल याची मला खात्री होती. भीती नव्हती वाटत. मी त्याची वाट पाहत होते. पूर्ण घेर झाला. काही लागलं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रुई कशी, तर सायीसारखी, सगळीकडे सारखी.

मान वर केली तेव्हा काशी दारात उभी होती, दातांत दोरा धरून. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिने दोरा तोडला.

“झालं पाहून?” ती म्हणाली. “मंग देय इकडं. बटनं लावाची राह्यली हायेत.”

मी दिला. ती माझ्याशेजारी बसली आणि बटणं लावायला लागली. बाहेर बाबा मांडववाल्याशी भांडत होते. त्या सरकीबद्दल आम्ही तेव्हाही बोललो नाही आणि नंतर कधीही नाही. काशीला जाऊन आता चार वर्षं झाली. तिच्या शेवटच्या दिवसांत मी हिवरखेडला तिच्या उशाशी होते, आणि तेव्हाही तिने फक्त माझ्या हातची भाकर मागितली. मी आयुष्यभर तिचा हेवा केला, तुपाचा, बांगड्यांचा, बाबांचा, सुईचा. ते सगळं वयाबरोबर विरून गेलं. राहिला तो त्या काठाचा. एक दाणा, एकच दाणा हाताला लागला असता, तर आमची फिटंफाट झाली असती. काशीने तेवढाही मला दिला नाही.